मूनलाईट वाईन बारमधली पंगत

"सर्व्हिस! सर्व्हिस म्हणजे काय चीज असते, ते येत्या शनिवारी अख्ख्या नागपूरले दाखवतो मी!"

भैय्याजींनी हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला पानठेलेवाला आणि एक रिकामा रिक्षावाला, एवढंच नागपूर हजर होतं. पण भैय्याजींचा आवाज असा, की अमरावती रोडवर टायर ठोकून बघणारे क्लीनरसुद्धा वळून बघायला लागले.

भैय्याजींचा नागपूरबाहेर वाडीला बार होता. गोदामांच्या रांगेमागं, ट्रकांच्या गर्दीत. पाटीवर मात्र झोकात लिहिलेलं : 'मूनलाईट परमिट रूम अँड वाईन बार'. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा पाटीवर 'वाईन बार' लिहिलं म्हणजे आत वाईन मिळायलाच पाहिजे, असा काही कायदा नव्हता. ट्रकवाले यायचे, एक क्वार्टर, दोन उकडलेली अंडी आणि शेंगदाणे संपवायचे आणि "चला, अकोल्याले माल पोचवाचा हाये" म्हणून उठायचे. सर्व्हिस म्हणजे टेबलावर ग्लास आपटल्याचा आवाज. गिऱ्हाईक खूश, धंदा बरा.

पण भैय्याजी खूश नव्हते! कारण घरी प्रेमिलाबाई. त्यांनी लग्नानंतर आजवर मूनलाईटची पायरी चढलेली नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर "आमच्या यांचं वाडीले हॉटेल आहे" एवढंच सांगायच्या. बार हा शब्द घरात निघाला की त्या देवघराचा पडदा ओढून घ्यायच्या. पोरीनं, जयानं, एकदा शाळेत "माझे बाबा बार चालवतात" असं सांगितलं, तर घरी दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. भैय्याजींच्या मनाला हे फार लागलं होतं. आपण काय चोऱ्या करतो का? लायसन्स भिंतीवर टांगलंय, चांगलं फ्रेम करून!

आणि अशात घारपुरे साहेबांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं.

मधुसूदन घारपुरे म्हणजे हिंगण्याच्या एका मोठ्या कारखान्याचे मॅनेजर. पंक्चर निघेपर्यंत ते मूनलाईटमध्ये येऊन बसले. भैय्याजींनी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली, थंड लेमन दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला. साहेब निघताना म्हणाले, "आमच्या ऑफिसर्स क्लबचं दर महिन्याला बाहेर एक जेवण असतं. सिव्हिल लाईन्सची हॉटेलं फार लांब पडतात हो. शनिवारी आम्ही आठ जण येऊन बघतो. सर्व्हिस आवडली, तर दर महिन्याला इथंच."

दर महिन्याला! ऑफिसर लोक! मूनलाईटच्या दारात मोटारी! भैय्याजींना त्या रात्री झोप नाही. एकदा हा क्लब आला की मूनलाईट इज्जतदार झाला, आणि मूनलाईट इज्जतदार झाला की प्रेमिलेला पडदा ओढायचं कारण नाही. भैय्याजींच्या जिवाची सगळी धडपड होती ती एवढ्यासाठी.

त्यातून भैय्याजींनी आयुष्यात एकदा मुंबईचं मोठं हॉटेल पाहिलं होतं. बाहेरून नाही, चांगलं आत बसून! तिथल्या वेटरच्या हातावर पांढरा नॅपकिन. त्यानं वाईनची बाटली गिऱ्हाइकाला अशी दाखवली, जशी सुईण बापाला बाळ दाखवते. मग बूच काढलं. घोटभर ओतली. गिऱ्हाइकानं वास घेतला, डोळे मिटले, मान हलवली. तेव्हा कुठं वेटरनं ग्लास भरला. कोणी ओरडलं नाही, कोणी बिल आपटलं नाही. "सर्व्हिस म्हणतात ते हे!" भैय्याजी तेव्हापासून हे वाक्य घोकत होते.

त्यांनी खरी अंगुराची वाईन मागवली, बुचाच्या बाटल्यांची. बाटल्या बर्फाच्या टबात बसल्या. आणि मूनलाईटचा एकुलता एक वेटर गोविंदा, त्याची तालीम सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक नसताना भैय्याजी साहेब होऊन खुर्चीत बसायचे आणि गोविंदा हातावर नॅपकिन टाकून रिकाम्या बाटलीतून ओतायचा.

"वाकून वत! कंबरेतून! आणि काय म्हणाचं?"

"प्लीज सर."

"आणि साहेब नको म्हणाले तर?"

"थँक्यू सर."

"शाबास! अबे, आवाज कमी. ट्रकवाल्याले हाका मारून राह्यला काय?"

शुक्रवारपर्यंत गोविंदा असा तयार झाला, की ट्रकवाल्यांना उकडलेलं अंडंही वाकून द्यायला लागला. एका सरदारजींना वाटलं, हा चिडवतोय! 

आणि शनिवारी सकाळी गोविंदाला गालगुंड झालं.

दोन्ही बाजूंनी! शर्टाची कॉलर दिसेना. "मालक, येतो मी," म्हणायला गेला बिचारा, तर 'मा' नंतर तोंडच उघडेना. भैय्याजी दारातूनच मागं सरकले. "नको रे बावा! तू वाईन वतशीन आणि साहेबाचा क्लब मंगळवारी दवाखान्यात भरन!"

घरी येऊन ते ओट्यावर डोकं धरून बसले. "संपलं वं प्रेमिला. आठ साहेब येऊन राह्यले आणि वाढाले माणूस नाही."

प्रेमिलाबाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "वाढाले माणूस नाही म्हणता? आन् घरात आमचे मामा बसले आहेत ते?"

भैय्याजींनी मान वर केली. प्रेमिलाबाईंचे मामा देवाजी कालच उमरेडहून आले होते. आता देवाजीमामांबद्दल सांगायलाच पाहिजे. उमरेडपासून मौद्यापर्यंत कोणाकडं लग्न निघालं की आधी मांडववाला ठरायचा, मग देवाजीमामांची तारीख, आणि मग नवरदेव! वाढपी म्हणून त्यांची ख्याती एवढी, की त्यांच्या पंगतीतून माणूस स्वतःच्या पायावर उठला तर मामांना तो अपमान वाटायचा. त्यांच्या आग्रहापुढं भले भले हरले होते. उपास धरलेल्या माणसाला त्यांनी एकदा वडाभात खाऊ घातला होता, आणि तो माणूस जाताना पाया पडून गेला होता.

"वाढणं तर वाढणंच असते ना?" प्रेमिलाबाई म्हणाल्या.

बुडत्याला काडीचा आधार! भैय्याजी मामांना घेऊन मूनलाईटवर आले. मामा बाहेर पाटी बघून थबकले, मग म्हणाले, "जवाईबापू, मी काही घेत नाही. पण घेणाऱ्याले उपाशी ठेवत नाही." आणि धोतर खोचून आत शिरले.

"मामाजी, मोठे साहेब येऊन राह्यले. पहिली गोष्ट म्हणजे पाहुण्याचं ताट रिकामं दिसाले नाही पाहिजे."

मामांनी नुसतं बघितलं. "हे तुमी मले सांगून राह्यले?"

"नाही, तसं नाही मामाजी! दुसरं, ही वाईन. अंगुराची असते."

मामांनी टबात हात घालून बाटली चाचपली. "थंडगार हाये. लागते कशी?"

"आंबट. जराशी तुरट."

"आन् यानं होते काय?"

"मोठे लोक म्हणतात, जेवण जिरते."

मामांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "थंड, आंबट, जेवण जिरवते! बस बस. समजलं मले, जवाईबापू. तुमी बिनघोर राहा."

भैय्याजींनी इथं आणखी एक प्रश्न विचारला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांना हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलेला माणूस प्रश्न विचारत नाही. शिवाय बायकोचा मामा! त्याला किती शिकवणार? गोदामांच्या गल्लीत साहेबांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून भैय्याजी इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर जाऊन उभे राहिले.

तासाभरानं दोन मोटारी आल्या. भैय्याजी पुढं स्कूटरवर, मागं साहेब. मूनलाईटच्या दारात उतरून त्यांनी मुंबईच्या थाटात दार उघडलं, कंबरेतून वाकले, म्हणाले, "वेलकम सर!" आणि वाकल्या वाकल्याच त्यांची नजर आत गेली.

सगळी टेबलं भिंतीला लागून एका ओळीत! टेबलाच्या एकाच बाजूला खुर्च्या! दुसरी बाजू मोकळी, कारण तिथून वाढपी फिरणार! प्रत्येक जागेसमोर रांगोळी! टेबलावर! काचेच्या प्लेटा गायब आणि पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या! खिडकीत उदबत्ती. रमच्या बाटल्यांच्या फळीवर मामांनी झेंडूची माळ सोडली होती, ती पंख्यानं हलत होती.

"मामाजी!" भैय्याजी आत धावले. "हे काय करून राह्यले?"

"पंगत सरळ पायजे, जवाईबापू. तोंडाकडं तोंड करून बसले, तर मी फिरू कुठून?" आणि मामा साहेबांपुढं हात जोडून उभे राहिले. "या, या! हातपाय धुऊन घ्या. पाणी तापवून ठेवलं हाये."

घारपुरे साहेब पुढं झाले. रांगोळीकडं बघितलं, पत्रावळीकडं बघितलं, आणि बूट काढले! साहेबांनी बूट काढल्यावर बाकीच्यांची काय बिशाद? आठही ऑफिसर मोरीवर जाऊन पाय धुऊन आले आणि ओळीनं बसले, परीक्षेला बसल्यासारखे.

भैय्याजी ताराचंद आचाऱ्याकडं भटारखान्यात पळणार, तेवढ्यात मामांनी दंड धरला. "तुमी कुठी चालले? बसा."

"मी? मी मालक आहे मामाजी! मले तिकडे बघाचं आहे."

"यजमान शेवटच्या पंगतीत बसते. आज पंगत एकच हाये. मंग शेवटची बी हेच. बसा!"

"अहो बसा हो भैय्याजी," साहेबही म्हणाले. झालं! भैय्याजी ओळीच्या टोकाला बसले. आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण फसलो. कारण पंगतीतून मध्येच उठता येत नाही! एक माणूस उठला म्हणजे अख्ख्या पंगतीचं जेवण मोडलं. मामांच्या राज्यात तर असा माणूस गावातून उठायचा. आता स्वतःच्या बारमध्ये काय काय होतं ते टोकावर बसून बघायचं, एवढंच काम भैय्याजींना उरलं.

मामा निघाले. आधी मीठ. मग लिंबाची फोड. मग ताराचंदनं वाईनसोबत द्यायला मसाला शेंगदाणे केले होते, ते मामांनी डाव्या बाजूला चटणी म्हणून वाढले. काड्यांना टोचलेले चीज-अननसाचे तुकडे होते, भैय्याजींची मुंबईची खास फर्माईश, त्यातल्या काड्या मामांनी उपटून टाकल्या आणि तुकडे कोशिंबिरीच्या जागी बसवले. मग भाताची मूद. मूद पाडून होते न होते तोच बादली घेऊन आले आणि लालभडक टोमॅटो सूप पळीनं भातावर ओतलं.

"मामाजी, ते सूप!" भैय्याजी दबक्या आवाजात ओरडले. "ते वाडग्यात पितात!"

"सार म्हणतेत याले. भातावरच घेतेत. जेवा तुमी."

त्यावर तुपाची धार पडली. भैय्याजींनी डोळे मिटून घेतले. टोमॅटो सूप, भात आणि तूप! गेला क्लब! पण शेजारून भुर्रर्र असा आवाज आला. स्टोअर्सचे मनोहरराव भात ओरपत होते आणि ओरपता ओरपता म्हणत होते, "व्वा! हे असं कोणी कधी केलंच नाही हो!"

"श्लोक होऊ द्या!" मामांनी ललकारी दिली.

आता आली का पंचाईत! घारपुरे साहेबांनी घसा खाकरून लहानपणीचा एक श्लोक म्हटला, चक्क चालीवर. मनोहररावांनी दुसरा म्हटला. मग चड्ढा नावाच्या पंजाबी इंजिनिअरची पाळी आली. त्याला श्लोक कुठला यायला? पण मामा त्याच्यासमोर बादली घेऊन उभे! श्लोक म्हटल्याशिवाय पुढं सरकेनात. चड्ढानं हात जोडले, डोळे मिटले, आणि कारखान्याच्या भिंतीवर लिहिलेले सुरक्षेचे नियम सुरात म्हणून टाकले! हेल्मेट, हातमोजे, आगीची बादली, सगळं! शेवटी अख्खी पंगत "हर हर महादेव" म्हणून गरजली. मामांनी खूश होऊन चड्ढाला कोंबडीचा रस्सा दुप्पट वाढला.

मग आग्रह सुरू झाला. मामांच्या आग्रहाला पायऱ्या होत्या. पहिल्यांदा विनंती. "एक घ्याच साहेब." दुसऱ्यांदा नातं. "म्हाताऱ्याचा हात मागं नका फिरवू." तिसऱ्यांदा शपथ! "तुमाले लेकराबाळाची आण हाये, घ्या." आणि चौथ्यांदा विचारणंच नाही, बोलता बोलता पत्रावळीवर पडलेलं असायचं. साहेबांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले तर मामांनी बोटांच्या फटीतून आलू-वांगं सोडलं.

"बस, बस, बस!" साहेब.

"हो, हो, बसच," मामा, आणि दुसरी पळी.

ताराचंद तिकडे रोट्या टाकून टाकून घामाघूम. भैय्याजी टोकावरून खुणा करत होते, 'वाईन! वाईन आणा!' मामा मान हलवून सांगत होते, 'वेळ हाये, वेळ हाये.'

आणि मग जिलबी आली! मूनलाईटमध्ये जिलबी? हो! मामांनी संध्याकाळीच नाक्यावरच्या हलवायाकडून परातभर जिलबी मागवून ठेवली होती. "गोडाबिगर पंगत म्हणजे काय सुतकाचं जेवण हाये?" त्यांनी मनोहररावांना दोन वाढल्या आणि सहज म्हणाले, "आमच्याकडे पोरंटोरं दहा खातेत." बस! मनोहररावांनी बाह्या वर केल्या. चड्ढा म्हणाला, "हम भी कम नहीं!" साहेब पंच झाले. एका बाजूनं "अजून एक!" आणि दुसऱ्या बाजूनं "शाब्बास!" असा गोंधळ, की बाहेरून दोन ट्रकवाले, आत मारामारी लागली समजून डोकावून गेले.

जिलब्या संपल्या. आठही ऑफिसर खुर्चीत मागं रेलले होते. मनोहररावांचा पट्टा टेबलावर पडला होता. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलायला श्वास लागतो.

आणि तेव्हा मामा आले. एका हातात पितळी बादली, दुसऱ्या हातात ओगराळं. पंगतीच्या सुरुवातीला उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "वाईन! कोणाले वाईन?"

भैय्याजींनी बादलीत पाहिलं. टबातल्या सगळ्या बाटल्या त्या बादलीत रिकाम्या झाल्या होत्या! बुचं ताराचंदनं लाटण्याच्या टोकानं आत ढकलली होती. वर बर्फ. बर्फावर बारीक चिरलेली कोथिंबीर!

"मठ्ठ्यासारखीच लागते ना? थंड, आंबट, जेवण जिरवणारी," मामा कौतुकानं सांगत होते. "जिऱ्याची फोडणीबी देणार होतो. पण ताराचंद नाही म्हणे."

देव ताराचंदचं भलं करो! पण आता फोडणी असती काय आणि नसती काय. मामा ओळीनं फिरले आणि आठही ऑफिसरांनी पेल्यांवर दोन्ही हात घट्ट धरले. चड्ढा, जो आठवडाभर याच क्षणाची वाट पाहत होता, तो बादलीकडं ओल्या डोळ्यांनी बघत राहिला. हात मात्र पेल्यावरून काढला नाही. पोटात जागाच नव्हती! शेवटी म्हाताऱ्याचं मन राखायला घारपुरे साहेबांनी तेवढं ओगराळंभर घेतलं, एक घोट प्याले, ओठाला लागलेलं कोथिंबिरीचं पान बोटानं काढलं आणि पेला खाली ठेवला.

जाताना साहेबांनी कसेबसे बूट चढवले. ढेकर दिला, मामांना नमस्कार केला, आणि गाडीत आडवे झाले.

"झालं!" भैय्याजींनी रात्री घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. "वाईन बारमध्ये आठ साहेब आले आणि मठ्ठा समजून वाईन... प्रेमिला, आता मी त्या साहेबाले तोंड कसं दाखवू वं?"

प्रेमिलाबाईंना फार वाईट वाटलं. नवऱ्याच्या मनात काय होतं ते त्यांना कळत का नव्हतं? त्या फक्त हळूच म्हणाल्या, "मामांनी वाढलं तर चांगलंच ना?"

"चांगलं? साहेब चालत नाही गेले, उचलून ठेवल्यासारखे गेले!"

मंगळवारी दुपारी मूनलाईटच्या दारात मोटार थांबली. आतून उतरल्या तीन बाया, रेशमी साड्या, पर्सा. मूनलाईटच्या जन्मापासून आत बाईमाणूस शिरलं नव्हतं! ट्रकवाल्यांनी क्वार्टरी टेबलाखाली घेतल्या आणि कोणी सांगितलं नाही तरी सगळे उभे राहिले.

"भैय्याजी आपणच का? मी सुहासिनी घारपुरे."

भैय्याजींनी लगेच ओळखलं. साहेब आजारी पडले! कोथिंबीर बाधली! "बाई, चूक झाली," त्यांनी हात जोडले. "वेटरले गालगुंड झालं हो. ते मामाजी आमचे घरचे आहेत, त्याइले वाईनमधलं काही समजत नाही."

"तुम्ही आमच्या ह्यांना काय केलंत ते सांगा आधी!" सुहासिनीबाई म्हणाल्या. "क्लबच्या जेवणाहून आले की दर वेळी हे बेल शोधत भिंतीवर हात फिरवत असतात. मनोहररावांनी तर मागच्या वेळी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला भाषण दिलं. आणि या शनिवारी? सगळे वेळेवर घरी! सरळ! ह्यांनी ओवा मागितला, डाव्या कुशीवर झोपले, आणि रविवारी सकाळी उठून मुलाचं गणित घेतलं!"

"गणित?" भैय्याजी.

"आमच्याकडे तर चड्ढाजी भजन गुनगुना रहे थे," दुसऱ्या बाई म्हणाल्या. "हेल्मेट का भजन."

"तेव्हा क्लबची जेवणं कुठं करायची ते आता आम्ही बायकांनी ठरवलंय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "दर महिन्याला इथंच! अट एकच. वाढायला देवाजीमामा पाहिजेत. आणि वाईन तुम्ही देता तशीच. जेवण झाल्यावर!"

ही बातमी घरी पोचली, तशी तासाभरात मूनलाईटच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षातून जया उतरली आणि जयाच्या मागून प्रेमिलाबाई! हातात नारळ! त्यांनी पायरीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आत आल्या, लायसन्सची फ्रेम पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "बार तर चांगला आहे हो, जयाचे बाबा!" भैय्याजींना एकदम भरून आलं. त्यांनी तोंड फिरवून उगाच पंख्याचं बटण दाबलं. पंखा आधीच चालू होता, तो बंद पडला. त्या संध्याकाळी प्रेमिलाबाईंनी अख्ख्या आळीत सांगितलं, "आमचा वाईन बार आहे! साहेब लोकाइच्या बायका आमंत्रण द्याले येतात!"

एवढ्यावर संपलं असतं तर भैय्याजींइतका सुखी माणूस नागपुरात नव्हता. पण दुसऱ्या महिन्याचा शनिवार आला.

भैय्याजींनी नव्या बाटल्या मागवल्या. या वेळी बादली त्यांनी स्वतः कुलपात टाकली, कोथिंबीर भटारखान्यातून हद्दपार केली. बरा झालेला गोविंदा नॅपकिन टाकून बाटल्यांपाशी उभा. साहेब लोक आले. पण या वेळी काहीतरी वेगळं होतं. चेहरे उतरलेले, गाल बसलेले, चालताना तोल जातोय! चड्ढानं भैय्याजींना बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "भैय्याजी, किसीको बोलना मत. हम सबने कल रात से कुछ नहीं खाया. आज वाईन के लिए पूरी जगह रखी है!"

भैय्याजींची छाती फुगली. आज! आज बूच निघणार, घोटभर ओतणार, साहेब वास घेणार! जेवण कितीही होऊ द्या, आज जागा शिल्लक आहे! ते आनंदानं स्वतःहून पंगतीच्या टोकाला जाऊन बसले.

मामांनी पहिला भात वाढला. मागं वळून बघतात तो भात संपलेला! पुन्हा वाढला, पुन्हा संपला. रात्रीपासून उपाशी माणसं ती, भात समोर आल्यावर वाईनची आठवण कोणाला राहते? मामा थबकले. तीस वर्षं वाढण्यात गेली, पण अशी पंगत त्यांनी पाहिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "लेकरं उपाशी हायेत गा! घरी जेवाले देत नाहीत वाटते!"

"मामाजी, नाही! तसं नाही! ते मुद्दाम..." भैय्याजी अर्धवट उठले.

"बसा! पंगतीतून उठतेत काय?" मामांनी त्यांना खांदा धरून खाली दाबलं आणि भटारखान्याकडं तोंड करून गरजले, "ताराचंदा! दुसरं पातेलं चढव! आन् हलवायाले सांग, अजून एक परात जिलबी!"

मग जे झालं ते सांगत नाही. मनोहररावांनी आपला मागचा आकडा मोडला एवढंच सांगतो. शेवटी गोविंदा थंड बाटली घेऊन, कंबरेतून वाकून, घारपुरे साहेबांपाशी आला. बाटली बाळासारखी दाखवली. "प्लीज सर."

साहेबांनी डोळे उघडले. बाटलीकडं पाहिलं, फार प्रेमानं पाहिलं. मग हात पेल्यावर ठेवला.

"भैय्याजी," ते कसेबसे म्हणाले, "सर्व्हिस एकदम फर्स्ट क्लास! वाईनचं... पुढच्या महिन्यात बघू."

भैय्याजींना खूप काही म्हणायचं होतं हो! पण त्यांच्या तोंडात मामांनी नुकतीच जिलबी कोंबली होती, आणि दुसरी हातात तयार होती.